विनायक आधी विचारतो

विनायक सोनटक्के मला भेटायच्या आधी त्याचं मराठी मला भेटलं. सेक्टर ३४ मध्ये कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत बिंद्राजींचं स्कॅनिंगचं ऑफिस आहे. लोक जुने नकाशे, कागदपत्रं, उत्तरपत्रिका घेऊन येतात आणि संगणकात घालून परत नेतात. मी चौकशीला गेले होते. काउंटरवर जसलीन नावाची मुलगी बसली होती आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर चक्क देवनागरीत लिहिलं होतं, ‘या सगळ्या फाइलींची नावं बदलणार आहे. वरची यादी वाचली का? करू का?’

जसलीनने यादीकडे ढुंकूनही न बघता इंग्रजी अक्षरांत ‘हो’ टाइप केलं. पडद्यावर भराभरा ओळी पळाल्या आणि थांबल्या.

“बेटा, ये क्या लिखा आता है?” मी विचारलं.

“पता नहीं आंटीजी. विनायक सर की भाषा है. बस ‘हो’ लिख दो तो हो जाता है.”

इतकी वर्षं चंदिगडमध्ये काढली, पण काउंटरपलीकडून मला कोणी मराठीत काही विचारलं नव्हतं. इथे ते यंत्र विचारत होतं. “तुझ्या सरांना बोलाव,” मी म्हटलं, आणि आतल्या खोलीतून चष्मा कपाळावर चढवलेला, बिनबाह्यांच्या स्वेटरमधला एक गोलसर माणूस बाहेर आला. मी मराठीत बोलले तसा तो एकदम खुलला. स्वतःची खुर्ची ओढून मला दिली आणि आपण उभाच राहिला.

“कुठल्या तुम्ही, काकू?”

“मिरजेची. आणि तू?”

“सेलूचा. परभणी जिल्हा. बसा, चहा सांगतो. स्कॅनिंगचं मागून बघू की.”

मी माणसांच्या बाबतीत चटकन मत बनवते आणि ते सहसा बदलत नाही. हा माणूस मला आवडला.

विनायक चंदिगडला आला तो बायकोच्या मागे. लीना शेजारच्या मोहालीत, नॉलेज सिटीत संशोधक आहे. प्रथिनांवर काम करते. तिला इथली नोकरी लागली तेव्हा विनायक परभणीत एका कॉलेजच्या ऑफिसात होता. दोघांपैकी एकाने नोकरी सोडायची होती, विनायकने सोडली. हे सांगताना त्याचा सूर भाजी कुठून आणली हे सांगावं इतका साधा असतो. सासरचे, माहेरचे, परभणीचे, सगळे त्याला विचारून थकले. त्याला स्वतःला त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही.

बिंद्राजींकडे त्याला काम मिळालं ते स्कॅन केलेल्या फाइलींना नावं द्यायचं. यंत्र प्रत्येक पानाला आपल्या मनाने एक नंबर देतं. त्या नंबराच्या जागी माणसाला कळेल असं नाव घालायचं. एक, दोन, हजार, दोन हजार. पहिल्याच हिवाळ्यात त्याची बोटं आखडली आणि डोकंही. मग लीनाने त्याला स्क्रिप्ट लिहायला शिकवलं. स्क्रिप्ट म्हणजे संगणकासाठी लिहून ठेवलेल्या सूचना: या फोल्डरमध्ये जा, एकेक फाइल उचल, तिला असं असं नाव दे, पुढची घे. एकदा लिहिली की काम तिचं. आपण चहा प्यायचा.

“आळशी माणसाचं काम आहे काकू हे,” विनायक म्हणतो. इतका कष्टाळू आळस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पाच मिनिटांचं काम दुसऱ्यांदा करावं लागू नये म्हणून हा माणूस अख्खा दिवस बसतो.

त्याच्या स्क्रिप्टांना घरातली नावं आहेत. खराब पानं वेगळी काढते ती ‘चाळण’. मोठ्या फाइली लहान करते ती ‘घडी’. नावं देते ती ‘बारसं’. आणि प्रत्येकीला त्याने तीन गोष्टी शिकवल्या आहेत. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, काम करायचं ते त्यांच्या नकलेवर. काय करणार ते आधी सांगायचं. आणि मग विचारायचं, करू का? पहिल्या वर्षी त्याच्या एका स्क्रिप्टने न विचारता कोणाचेतरी नकाशे एकावर एक लिहून पुसून टाकले होते. तेव्हापासून त्याची एकही स्क्रिप्ट परवानगीशिवाय पाऊल टाकत नाही. मराठीत का विचारते, तर म्हणे, “मला राग मराठीत येतो, काळजी मराठीत वाटते. मग तिने दुसऱ्या भाषेत कसं विचारावं?”

घरीही तसंच. स्वयंपाक तोच करतो. हिवाळ्यात मटार स्वस्त झाला की पोतंच आणतो आणि सोलून, उकडून, पिशव्यांवर तारखा घालून वर्षाची बेगमी करतो. लीना म्हणते, “याला एक पोळी कर म्हटलं की अडतो, वीस कर म्हटलं की गाणं म्हणायला लागतो.” त्यांची लेक आर्या सातवीत आहे. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. बाप मराठीत विचारतो, लेक हिंदीत सांगते, आणि दोघांनाही त्यात काही चमत्कारिक वाटत नाही. मला वाटायचं. आता मीही सरावले.

आता माझ्या कामाचं सांगते.

मी इथल्या मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. चंदिगडात आलो तेव्हा आमचे हे डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात लागले होते. रविवार मोकळा असायचा. मी ठरवलं, शहराच्या पहिल्या तीस सेक्टरांतली काही झाडं निवडायची आणि दर वर्षी, त्याच महिन्यात, त्याच कोपऱ्यातून त्यांचे फोटो काढायचे. झाड कसं वाढतं ते मुलींना दाखवायला पुस्तकातलं चित्र पुरत नाही. पहिल्याच रविवारी लक्षात आलं की नुसत्या झाडाचा फोटो काढला तर त्याची उंची कळत नाही, शेजारी काहीतरी मापाचं हवं. ह्यांना झाडाला टेकून उभं केलं. ऊन होतं म्हणून हातात काळी छत्री होती.

“म्हणजे माझा उपयोग फूटपट्टीचा,” ते म्हणाले.

“हलू नका,” मी म्हटलं.

ते दर वर्षी उभे राहिले. प्रत्येक झाडापाशी, तीच छत्री घेऊन. कुरकुरायचे खूप, पण रविवारी बूट माझ्याआधी त्यांच्या पायात असायचे. ते गेल्यावर मी एकटी फिरायला लागले. आता झाडाला छत्री टेकवून ठेवते. तिची उंची मला ठाऊक आहे.

सुरुवातीची वर्षं स्लाइडांची. एका सेक्टरला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, आत प्रत्येक स्लाइडवर झाड आणि वर्ष लिहिलेलं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या केव्हाच गळून पडल्या होत्या, पण फळीवर डबे क्रमाने लावलेले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नंतर डिजिटल कॅमेरा आला तरी माझा क्रम मोडला नाही, संगणकातले फोल्डरही त्याच ओळीने.

आता गुडघे बोलतात आणि डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. माझी जुनी विद्यार्थिनी हरप्रीत कॉलेजात विभागप्रमुख झाली आहे. ती म्हणाली, “मॅम, सगळं आम्हाला द्या, मुली वापरतील. फक्त कुठलं झाड, कुठला सेक्टर, कुठलं वर्ष, ते नावातच असू द्या. होळीच्या सुट्टीआधी मिळालं तर याच वर्षी प्रकल्पाला लावते.” मला दुसरं काय हवं होतं? त्यातली कितीतरी झाडं आज नाहीत. कुठलं वादळाने पडलं, कुठलं रस्ता रुंद करताना गेलं. ती कुठे उभी होती ते आता त्या फोटोंनाच माहीत. तेवढं नीट मार्गी लागलं की मी मोकळी होणार होते. नाही लागलं, तर सगळा पसारा माझ्यामागे रद्दीतच जाणार.

विनायकने सगळे डबे स्वतः येऊन नेले. एका खेपेत, एका रांगेत, एक डबा उचलला की खडूने नंबर टाकत. मी मनात म्हटलं, किती नीटस माणूस आहे हा.

काही आठवड्यांनी त्याने काम आणून दिलं. माझ्या संगणकात फोल्डर उघडून दाखवले: सेक्टर, त्यात झाड, त्यात वर्ष. जुन्या स्लाइडा आणि नवे फोटो एका माळेत आले होते. सावरीचं रोप माणसाच्या कमरेएवढं असल्यापासून छपराच्या वर जाईपर्यंत ओळीने. मी त्याला डबाभर चिवडा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसून निवांत बघायला बसले. सेक्टर ११, सेक्टर १२, सेक्टर १३.

सेक्टर १३!

ज्याला चंदिगड माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. हे शहर आखलं तेव्हा त्यात तेरा नंबर ठेवलाच नाही. बारानंतर थेट चौदा. अलीकडे मनीमाजऱ्याच्या बाजूला तो आकडा दिलाय खरा, पण माझे डबे त्याच्या कितीतरी आधीचे. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं, म्हणूनच मी विनायकला सांगितलं नव्हतं. आणि विनायक राहतो मोहालीत, कामाला जातो चौतिसात. तेराशी त्याचं कधी काम पडलं नाही. त्याने तेराव्या डब्याला तेरावा सेक्टर लावला आणि तिथून पुढे अख्खं शहर एकेक घर सरकलं. मी पंधरा सेक्टरात राहते. विनायकने मला चौदात नेलं, म्हणजे थेट विद्यापीठाच्या आवारात. एकोणीसची सावर अठरात गेली होती. स्क्रिप्ट एकच, त्यामुळे एका वर्षाचं नाही, सगळ्या वर्षांचं गेलं होतं.

उभं झाड आपली जागा दाखवतं, पडलेलं काय दाखवणार?

कोणत्याही शहाण्या माणसाने विनायकला फोन केला असता. मी नाही केला. आपला पसारा आपणच आवरायचा ही माझी जुनी खोड, आणि शिवाय मला राग आला होता. मी तेराचं नाव बदलून चौदा करायला गेले. संगणक म्हणाला, या नावाचं फोल्डर आधीच आहे. मग मी तेरातले फोटो उचलून चौदात टाकले. आता चौदात चौदाचे आणि पंधराचे फोटो एकत्र झाले. ते मी एकेक उघडून, ओळखून, नाव बदलून वेगळे करायला लागले. करता करता प्रत्येक झाडाचं जे आठवलं ते नावापुढे लिहीत गेले: ‘वादळात पडला’, ‘वाळवी’, ‘ह्याच्या शेंगा मुलींनी नेल्या’. रोज सकाळी पूजा आटोपली की हेच. आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की कुठला फोटो मी हलवला आणि कुठला नाही हे मलाच सांगता येत नाही. वर डोळ्यातून पाणी यायला लागलं. होळी तोंडावर आली होती.

तेव्हा मी विनायकला फोन केला, आणि तो दारात उभा राहताच त्याच्यावर तोंड सोडलं. “तुझ्या त्या ‘करू का’ने माझा घात केला! शहरात आठ वर्षं कामाला येतोस आणि तेरा सेक्टर नाही हे तुला माहीत नाही?”

तो खुर्चीत बसला. पडदा बघितला. त्याचा चेहरा उतरला. पण सबब सांगितली नाही.

“तिने विचारलं होतं काकू,” तो हळूच म्हणाला. “सेक्टर तीस सांगितले, डबे एकोणतीसच आहेत, एक कमी आहे, पुढे करू का? मला वाटलं, शेवटचा डबा तुमच्या घरी राहिला. तुम्हाला फोन केला होता, आठवतंय? तुम्ही म्हणालात, असेल, बघते.”

मला आठवलं. हात कणकेत होते आणि फोन खांद्याला लावला होता.

“आणि मग?”

“मग मी ‘हो’ म्हणालो. जसलीनला रोज ओरडतो, वाचल्याशिवाय हो लिहू नको म्हणून. आणि मीच लिहिलं.”

त्याला इतकं वाईट वाटलं होतं की माझा राग कुठल्या कुठे गेला. मी चहा टाकला. चूक कोणाची यावर आम्ही अजूनही भांडतो, पण त्या दिवशी भांडलो नाही.

“मूळ फाइली आहेत,” चहा पिताना तो म्हणाला. “त्यांना कोणी हात लावलेला नाही. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवतो, बारानंतर चौदा. पुन्हा चालवली की सगळी वर्षं एकदम सरळ. चूक जशी एकदाच केली, तशी दुरुस्तीही एकदाच.”

“आणि मी जे लिहिलंय ते? वाळवी, वादळ, शेंगा?”

त्याने कप खाली ठेवला. नव्याने चालवली तर माझं हाताने लिहिलेलं सगळं जाणार होतं. ते पुन्हा लिहायचं माझ्या डोळ्यांत बळ नव्हतं. आणि ते ठेवलं तर माझा घोळही तसाच राहणार होता. पडलेल्या झाडांचं जे काही उरलं होतं ते त्या चार-चार शब्दांत होतं.

विनायकने चष्मा कपाळावर चढवला आणि खिडकीबाहेर बघत बसला. मग म्हणाला, “काकू, तुम्ही नाव बदललंत, जागा बदललीत. चित्र तर नाही ना बदललं?”

“चित्राला कशाला हात लावू?”

“मग झालं तर!” तो खुर्चीतून उठलाच. प्रत्येक फाइलला म्हणे अंगठ्याचा असावा तसा एक ठसा असतो. नाव काहीही ठेवा, कुठल्याही फोल्डरमध्ये टाका, आतलं चित्र तेच असेल तर ठसा तोच निघतो. तो माझ्या घोळातल्या प्रत्येक फोटोचा ठसा काढणार, मूळ फोटोंच्या ठशांशी जुळवणार, आणि मी नावापुढे जे लिहिलं होतं ते उचलून बरोबर सेक्टरातल्या बरोबर फोटोला लावणार. म्हणजे तो नाही, स्क्रिप्ट.

“होईल?”

“बघायलोय ना मी. दोन दिवस द्या.”

रविवारी तो स्कूटर घेऊन आला, हातात टॅबलेट. “यादी तयार आहे. पण या वेळी ‘हो’ म्हणायच्या आधी झाडांनाच विचारू.”

असा माझा रविवार कित्येक वर्षांत गेला नव्हता. मागे बसून त्याच्या खांद्याला धरून मी एकेका सेक्टरातून फिरले. विनायक टॅबलेटवर नाव वाचायचा, मी झाड बघायचे. चौदात अर्जुन, बरोबर. सोळात कुसुम, नव्या पालवीने लालभडक झालेला, बरोबर. एकोणिसात सावर फुलांनी भरलेली होती आणि खाली रस्त्यावर फुलांचा खच पडला होता. एक सरदारजी घरातून बाहेर आले आणि काय करताय म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं तर म्हणाले, “तुम्ही त्या छत्रीवाल्या बाई ना? तुमचे साहेब नाही आले बऱ्याच वर्षांत?” अर्थात पंजाबीत. मी सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि आम्हाला लस्सी प्यायला लावली.

सावरीखाली उभा राहून विनायक टॅबलेटवर तिचे फोटो एकामागून एक बघत होता. बराच वेळ बघत होता.

“काकू, प्रत्येक फोटोत काकाच आहेत.”

“मग? तूच तर स्कॅन केलेस सगळे.”

“मी फाइली बघतो हो काकू. फोटो नाही बघत.” तो पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला. काळे केस, करडे केस, पांढरे केस. मग नुसती छत्री. “झाड उंच होत गेलं आणि काका...”

“फूटपट्टी होते माझी,” मी म्हटलं. “हलायचे मात्र फार.”

मी कॅमेरा काढला, झाडाला छत्री टेकवायला गेले, तर विनायकने ती माझ्या हातातून घेतली आणि खोडाला टेकून उभा राहिला. पोट आत, मान ताठ, पासपोर्टच्या फोटोला राहतात तसा. मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. दोन्ही झाल्यावर मी फोटो काढला.

“मी काकांपेक्षा बुटका आहे,” घरी येताना तो म्हणाला. “माप चुकेल. मुलींना कळायला पाहिजे मापाला कोण उभं आहे ते. ‘बारसं’मध्ये एक प्रश्न वाढवतो.”

घरी येऊन त्याने तसं केलं. जेवणाच्या टेबलावर संगणक ठेवला आणि या खेपेला मला खुर्चीत बसवून आपण बाजूला उभा राहिला. पडद्यावर ओळी आल्या. सेक्टर १. सेक्टर २. ‘सेक्टर १३: नाही. पुढचा घेते.’ सगळे आपापल्या जागी. माझी वाळवी, माझं वादळ, शेंगा नेलेल्या मुली, सगळं बरोबर झाडाला लागलेलं. मी यादी सगळी वाचली. विनायकने मला एक ओळ गाळू दिली नाही.

शेवटी नवा प्रश्न आला. ‘मापाला कोण? वर्षांच्या एका गटाला एकदाच सांगा, त्यातल्या सगळ्यांना लावते.’

विनायकचं उत्तर सोपं होतं, ते त्याच्या एका फोटोला लागणार होतं. छत्रीची वर्षंही सोपी. पण आधीची सगळी वर्षं? ‘आमचे हे’ असं तर लिहिता येत नव्हतं. कॉलेजातल्या मुलींना ‘हे’ म्हणजे कोण ते काय कळणार? मला झाडांची लॅटिन नावं झोपेतही सांगता येतात. नवऱ्याचं नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं आणि नंतर कधी हळदीकुंकवात, बायकांनी अडवल्यावर. एरवी ‘अहो’, नाहीतर ‘हे’. फोटोंच्या एवढ्या ढिगात, डब्यांवर, वह्यांत, कुठेही मी त्यांचं नाव लिहिलेलं नव्हतं. ते प्रत्येक फोटोत उभे होते आणि त्यांचं नाव एकाही फोटोवर नव्हतं.

विनायकने विचारलं नाही. तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

त्या वर्षांपुढे मी एकेक अक्षर शोधत टाइप केलं: पुरुषोत्तम.

‘या वर्षांतल्या सगळ्यांना लावते. करू का?’

मी नाव पुन्हा एकदा वाचलं, बरोबर आहे ना ते बघितलं, आणि ‘हो’ लिहिलं. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. सावर, पुरुषोत्तम. बहावा, पुरुषोत्तम. अर्जुन, कुसुम, पिंपळ, जे उभे आहेत ते आणि जे पडले ते, पहिल्या वर्षापासून त्यांच्या शेवटच्या वर्षापर्यंत. विनायक दारात येऊन थांबला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी ओळी वाचत होते, आणि मोठ्याने वाचत होते, प्रत्येक वेळी नावासकट.